पखुर्डीचं पीस

भरमू मुतगेकर, टेलर, कॅम्प, बेळगाव.
पाटीवर नाव दोन लिप्यांत,
दुसरीतलं रंगाऱ्यानं चुकवलेलं, ते तसंच राहिलं.

एका कुर्गी मेजरनं ब्लेझरची शिलाई बुडवली,
बदलीच्या गडबडीत ठेवून गेला
टेबलाला लावायचा पितळी चिमटा, गळांची डबी
आणि चार माश्या, पिसांच्या,
मासा ज्यांना खऱ्या समजून झेपावतो तसल्या.
"पैसे सोडले नि घेतल्या काय, माश्या!"
मामी आठवडाभर बोलत होती.

मामानं त्यातली एक उसवली.
शिंपी दुसरं कसं शिकणार?
सुईच्या टोकानं एकेक वेढा मागं घेतला,
मी पाटीवर मांडत गेले:
नारिंगी रेशीम, वेढे सतरा,
मानेशी एकच पीस, दीड वेढा.
तपकिरी, त्यावर बारीक काळ्या रेघा,
तव्यावर विसरलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं.
झाकणात चिठ्ठी होती : ग्राऊज.
कुठल्या थंड डोंगरातला पक्षी कोण जाणे.
उरलेल्या तीन माश्यांना त्या पावसाळ्यात कसर लागली.

मग शोध.
कोंबडीचं पीस ओलं झालं की चिकटून बसे.
लाव्याचं आखूड.
तित्तराचं चाललं असतं, पण शनिवार खुटावरचा पिंजरेवाला म्हणाला,
"मी तित्तर धरीन, फॉरेस्टवाले मला."

सिद्राय घोंगडं सांधायला आला, गोकाककडचा धनगर.
त्याचं मराठी मेंढरांपुरतं,
मामाचं कन्नड गिऱ्हाइकापुरतं.
मामानं खडूनं कापडावर पीस काढून दाखवलं.
"गरी!" तो हसला. "आमच्या तळ्यावर पडत्यात की."

पुढच्या खेपेला पानाच्या विड्यात गुंडाळून तेरा आणली,
पखुर्डीची, झडलेली, काठच्या चिखलातून वेचलेली.
"ऊन वर आलं की येत्यात बघ.
नर पोटापतोर पाण्यात बसतोय, भिजतोय, भिजतोय, मग उडतोय.
पिल्लं लांब माळावर. ती पोटाची पिसं चोखत्यात."
त्यानं ओठ पुढं काढून दाखवलं.
"आई न्हवं गा. बाप."

इस्त्रीच्या वाटीत मामानं एक पीस सोडलं.
पीस पाणी प्यालं आणि धरून बसलं.
मामा बराच वेळ वाटीकडं बघत राहिला,
कोळशावर कुणाची तरी पँट तापत होती.

राकसकोपच्या खाली, मार्कंडेयच्या डोहावर
आम्ही दोन माश्या नेल्या.
पाठीच्या पिसाची तरंगत राहिली, तिला कुणी विचारलं नाही.
पोटाच्या पिसाची भिजली, जड झाली,
हळूच उतरली खाली, जिवंत असल्यासारखी.
तिसऱ्या फेकीला दोरी ताठ.
खवल्या, वीतभर, उन्हात पितळेचा.

वर आला तेव्हा पीस त्याच्या तोंडात होतं
आणि ओठ हलत होते.
हवेसाठी. मला ठाऊक आहे, हवेसाठीच.
मामानं माझ्याकडं बघितलं नाही.
गळ काढला, मासा सोडला,
दोरा दातानं तोडला, जसा काज झाल्यावर तोडायचा.

घरी मामीनं वाटण करून ठेवलेलं.
"मासा कुठंय?"
"माशी शिंकली," मामा म्हणाला, आणि हात धुवायला गेला.

उरलेली पोटाची पिसं
त्यानं सिद्रायच्या घोंगड्याच्या काठात शिवून टाकली,
आतल्या बाजूनं, दिसणार नाहीत अशी.
शिलाई घेतली नाही. का, ते सिद्रायला कळलं नसावं,
त्यानं पुढच्या खेपेला ताक आणलं.

दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.
ती माशी माझ्या सुयांच्या डबीत आहे,
गळ गंजलेला, रेशीम विटून पेजेच्या रंगाचं.
काल उगीच स्टीलच्या ग्लासात सोडली.
जरा तरंगली. मग पीस गडद होत गेलं.
काढून तळहातावर उलटी धरली,
थेंब सुटायला फार वेळ लागला.